घर लागलं २०२३ ला, बागेचं गेट उघडलं २०२५ ला

आमच्या नात्यागोत्यात म्हाडाचं, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीतलं, घर लागलेली मी एकटीच, त्यामुळे सोडतीची जाहिरात आली रे आली की माझा फोन सुरू होतो. कागद काय काय लागतात, कुठला गट टाकू, कुणाला पैसे चारले होते का (हा प्रश्न हमखास), आणि सगळं विचारून झालं की मग जरा आवाज खाली घेऊन, तिथली माणसं कशी आहेत गं. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आता पाठ झालीत, चौथ्याचं फोनवर देता येत नाही, म्हणून एकदाच काय ते लिहून काढते. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही कल्याण पूर्वेला भाड्याने राहायचो. दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट, दर अकरा महिन्यांनी घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरायचं. म्हणजे खोली खाली करा हो, असं. नवरा भिवंडीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर, मी एका दवाखान्यात रिसेप्शनला. पहिला अर्ज २०१८ ला मुंबई मंडळाच्या सोडतीला भरला होता, १३८४ घरं होती आणि डिसेंबरात निकाल, आम्ही दोघं मोबाईलवर नजर लावून बसलो होतो आणि आमचं नाव कुठेच नव्हतं. मग २०२१ च्या ऑक्टोबरात म्हाडाच्याच कोकण मंडळाची आली, ८९८४ घरं, तेव्हा वाटलं एवढ्यात एक तरी आपलं असेल, पण अर्जच दोन लाखांच्या वर, त्यात आपण कोण. अनामत रक्कम परत आली, अर्जाची फी तेवढी गेली, ती जातेच.

तिसऱ्यांदा भरायचा विचारही नव्हता. पण २०२२ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादा बदलल्या आणि त्यात आमची गंमत झाली. आधी महिन्याला २५ हजारांपर्यंत अत्यल्प गट, २५ ते ५० अल्प गट, असं होतं. आमचं दोघांचं मिळून चाळीसच्या आसपास, म्हणजे आम्ही अल्प गटात. नवीन नियमात आमच्या भागासाठी वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ६ ते ९ अल्प, ९ ते १२ मध्यम, त्याच्या वर उच्च. म्हणजे पगार थोडाफार वाढूनसुद्धा आम्ही कागदावर एक पायरी खाली उतरलो. नवऱ्याला हे अपमानास्पद वाटलं होतं, अत्यल्प म्हणजे काय, असं म्हणाला, मी म्हटलं किंमत बघ आधी, मग अपमान करून घे.

आता कागदांचं. पूर्वी असं होतं की आधी सोडत, मग लागलेल्यांची छाननी, त्यात अपात्र ठरले की प्रतीक्षा यादीवाल्यांचा नंबर, त्यात वर्षानुवर्षं जायची. २०२३ पासून नवीन कॉम्प्युटर सिस्टीम आली, तिच्यात कागद आधी अपलोड करायचे, ते तपासून झाले की मगच सोडतीत नाव. नोंदणी एकदा केली की पुढच्या सोडतींनाही चालते. लोक या सिस्टीमला शिव्या देतात कारण अर्ज भरतानाच दमछाक होते, पण मला विचाराल तर हेच बरं, नाहीतर घर लागून ते हातातून जाणं म्हणजे काय असतं ते आमच्या चाळीतल्या एका काकांचं बघितलंय, पेढे वाटून झाले होते त्यांचे.

कागद तसे मोजकेच: आधार, पॅन, अधिवास म्हणजे डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर रिटर्न, आरक्षणातून भरत असाल तर जातीचे कागद. ऐकायला सोपं. माझं घोडं अडलं नावावर.

शाळेच्या दाखल्यावर माझं माहेरचं पूर्ण नाव. आधारवर सासरचं पूर्ण नाव. आणि पॅनवर मधे वडिलांचं नाव आणि शेवटी सासरचं आडनाव, म्हणजे अशी बाई जी ना माहेरी आहे ना सासरी. सेतू केंद्रातल्या मुलाने तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाला, ताई या तिघींपैकी डोमिसाईल कुणाला पाहिजे? मागची रांग हसली, मीपण हसले, बाहेर येऊन रडले. उपाय एकच, लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र. आणि आमचं लग्न होऊन चौदा वर्षं झाली तरी नोंदणी केलेलीच नाही. कोण करतं? हॉल, जेवण, फोटो, झालं लग्न. आता नोंदणीला पाहिजे लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. पत्रिका सासूबाईंच्या पेटीत साडीच्या घडीत सापडली. भटजींचा शोध घेतला तर ते २०२० मध्येच गेले. मग त्यासाठी प्रतिज्ञापत्र, उशिराबद्दल किरकोळ दंड, साक्षीदार म्हणून भाऊ, नणंदेचा नवरा आणि मैत्रीण यांना कामाच्या दिवशी सुट्टी काढायला लावून एका टेबलापुढे उभं केलं. क्लार्कने विचारलं, लग्न कधीचं, नवऱ्याने सांगितलं २००९, ते म्हणाले मग आत्ता का सुचलं, आणि नवरा एकदम खरं बोलून गेला, घर पाहिजे म्हणून.

हे प्रमाणपत्र हातात आल्यावर पॅन दुरुस्त झालं, मग डोमिसाईल. राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो आणि भाडेकरूकडे तो नसतोच, लाईट बिल मालकाच्या नावाने, पाण्याचं बिल तर माहीतच नाही कुणाच्या. माझा सातारा जिल्ह्यातला जन्म आणि तिथल्याच शाळेचा दाखला होता म्हणून निभावलं. जुनं, बारकोड नसलेलं डोमिसाईल असेल तर त्याच्यावर विसंबून राहू नका, आजच नवीनसाठी टाका, सोडतीची जाहिरात आल्यावर सेतूत जे काही होतं त्याला गर्दी म्हणत नाहीत. उत्पन्नात नवरा-बायको दोघांचं धरतात, एकाचं लपवून खालच्या गटात भरायचा शहाणपणा करू नका. आणि अजून एक, गावाला घर आहे म्हणून आपण बाद, असं खूप जणांना वाटतं. तसं नाही, जिथे घर घेताय त्या शहराच्या हद्दीत तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर पक्कं घर नको. गावची वडिलोपार्जित पडवी कुणी विचारत नाही.

दलालांचं पण सांगते, कारण विचारताच. एक माणूस आमच्या दवाखान्यात यायचा, मंत्रालयात ओळख आहे म्हणायचा, दोन लाखांत सेटिंग करतो म्हणाला. सोडत कॉम्प्युटरवर होते, सगळ्यांच्या समोर होते, नाव त्यात घुसवायला फट कुठून आणणार हा, असा साधा हिशेब मी केला. हा असा माणूस शंभर जणांकडून पैसे घेतो, त्यातल्या चार जणांना आपोआपच लागतं, त्यांचे ठेवतो आणि बाकीच्यांना पुढच्या वेळी म्हणतो. धंदा म्हणून चोख आहे.

अर्ज भरताना योजनांची यादी येते, प्रत्येकाचा संकेत क्रमांक असतो. त्यात एक प्रकार असतो २० टक्के योजना, आणि आम्ही त्यातच भरलं. हे काय आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१३ पासून असा नियम आहे की दहा लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या महापालिकांच्या हद्दीत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर खाजगी बिल्डर प्रकल्प करत असेल तर त्याने २० टक्के हिस्सा अत्यल्प आणि अल्प गटासाठी छोट्या घरांचा ठेवायचा. ती घरं म्हाडा सोडतीतून वाटतं, पण पैसे बिल्डरला द्यायचे, ॲग्रीमेंट बिल्डरशी, ताबा बिल्डरकडून. किंमत बाजारभावाने नाही, सरकारी बांधकाम दरावर ठरते. त्यामुळे जिथे बाजूची घरं ऐंशी-नव्वद लाखांना जातात तिथे तीनशे चौरस फुटांचं अठरा लाखांत मिळू शकतं. म्हणून सोडतीत या घरांवर उड्या पडतात, आणि दुसरीकडे विरार-बोळिंजला म्हाडाने स्वतः बांधलेली हजारो घरं कित्येक वर्षं गिऱ्हाईकाची वाट बघत उभी राहिली कारण तिथे पाण्याचीच बोंब होती. शेवटी ती प्रथम येणाऱ्यास प्रथम करून काढायची वेळ आली.

(अर्जात आरक्षणाचे प्रवर्ग वाचताना एक बघितलं, आजी-माजी आमदार-खासदारांना २ टक्के. अत्यल्प गटातसुद्धा. कोण भरत असेल हो?)

१० मे २०२३ ला ठाण्यात घाणेकर नाट्यगृहात सोडत झाली. साडेचार हजारांवर घरं होती. आम्ही गेलो नाही, दोनदा हात पोळलेले. मी काउंटरवर होते, एका आजींना रिपोर्ट देत होते आणि एसएमएस आला. आजींना म्हटलं, थांबा हं एक मिनिट, आणि तो मेसेज मी चारदा वाचला. आजी म्हणाल्या, रिपोर्ट वाईट आहे का गं? म्हटलं, नाही आजी, तुमचा चांगला आहे, माझाही चांगला आहे.

पुढे देकार पत्र, म्हणजे ऑफर लेटर, आलं ते पावसाळा संपता संपता. ते आलं की मुदत सुरू होते आणि तेव्हा कर्ज हवं असतं. एका बँकेने तीन वर्षांची रिटर्न्स मागितली, नवऱ्याचा अर्धा पगार रोखीत, रिटर्न कधी भरलेलंच नाही, त्यांनी फाईल परत दिली आणि वर सांगितलं, तुम्ही एखादं स्वस्त घर बघा ना. याहून स्वस्त कुठलं बघू, तूच दाखव बाबा. दुसऱ्या बँकेने माझ्या पगारावर आणि नवऱ्याला सहकर्जदार करून दिलं. प्रधानमंत्री आवासची व्याजाची सबसिडी आमच्या गटासाठी मार्च २०२२ ला संपलेली होती आणि नवीन योजना लागू झाली सप्टेंबर २०२४ नंतरच्या कर्जांना. आमचं कर्ज बरोब्बर दोन्हीच्या मधलं. असं बरोब्बर मधे सापडायला पण नशीब लागतं. एक गोष्ट जमली, घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. अठरा लाखांवर अठरा हजार, त्यात आमचा ओटा आणि कपाटं झाली. जीएसटी एक टक्का होता, बांधकाम चालू होतं म्हणून.

ताबा ऑगस्ट २०२४ ला. बिल्डरच्या ऑफिसात एक चिठ्ठी दिली, त्यात मेंटेनन्स आगाऊ, क्लब हाऊस चार्जेस, अजून एक इन्फ्रा म्हणून काहीतरी. आमच्या विंगला सोडतीतून आलेली चव्वेचाळीस कुटुंबं, तोपर्यंत आमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला होता, त्यात एक रिक्षावाले दादा फार खमके, ते म्हणाले, तोंडी काही बोलायचं नाही, लेखी अर्ज द्यायचा की ॲग्रीमेंटच्या कुठल्या कलमाखाली हे घेता. दिला, चव्वेचाळीस सह्यांचा. क्लब आणि इन्फ्रा दोन्ही गेले, आगाऊ मेंटेनन्स राहिला. तो भरला, सोनं गहाण टाकून.

आणि मग आम्ही राहायला गेलो. इथून खरं चौथ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

कॉम्प्लेक्स घोडबंदर रोडच्या बाजूला आहे, नाव लिहीत नाही. ए आणि बी बावीस मजल्यांचे टॉवर, आमची सी विंग मागे, सात मजली, एक लिफ्ट, खिडकीतून मलनिस्सारणाच्या टाक्या दिसतात. त्याचं काही नाही, कल्याणला खिडकीतून भिंत दिसायची. पण आमचं येण्या-जाण्याचं गेट वेगळं, मागच्या गल्लीत. पुढच्या गेटमधून सरळ आमच्या विंगेत येता येतं, मधे बाग आहे आणि बागेला एक लोखंडी फाटक, त्याला कुलूप. पहिल्याच आठवड्यात माझी धाकटी, तेव्हा आठ वर्षांची, स्कूल बसमधून पुढच्या गेटला उतरली आणि वॉचमनने तिला विचारलं, कुठली विंग? सी म्हटल्यावर, मग मागून जा. मागून म्हणजे रस्त्यावरून पूर्ण वळसा. संध्याकाळी मी विचारायला गेले तर तो बिचारा बिहारचा पोरगा, हात जोडून म्हणाला, मॅडम, मला सांगितलंय की म्हाडावाल्यांना इकडून सोडायचं नाही. कुणी सांगितलंय? ऑफिसने. ऑफिसला विचारलं तर, टॉवरवाल्यांची तक्रार येते. टॉवरमधल्या एका बाईंना लिफ्टपाशी गाठून विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्हाला तर बिल्डरने असंच सांगून विकलं, सी विंग सेपरेट आहे म्हणून. म्हणजे कुणीच काही केलेलं नाही, कुलूप आपलं आपणच लागलेलं.

मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर माझी मुलगी शाळेत पत्ता सांगताना सी विंग न म्हणता मागची बिल्डिंग म्हणायला लागली. भांडी घासायला येणाऱ्या मावशी टॉवरमध्येही जातात, त्यासुद्धा एकदा म्हणाल्या, तुम्ही म्हाडावाल्या असून कपडे-बिपडे चांगले असतात हो. काय बोलणार. म्हटलं, मावशी, तुम्हीपण फॉर्म भरा.

पण टॉवरवाल्यांचीपण एक बाजू आहे आणि ती मी नंतर ऐकली. ए विंगमधले एक रिटायर्ड काका, बँकेतून निवृत्त झालेले, एकदम सरळ माणूस, ते म्हणाले, बघा ताई, मी नव्वद लाख दिले, अजून मुलाच्या पगारातून हप्ता जातो, तुम्ही अठरा दिले आणि गार्डन तेच. मला राग सरकारचा आहे का तुमचा हे मलापण कळत नाही. हे मला तोंडावर बोलणारा तो एकच माणूस, बाकीचे ग्रुपवर बोलायचे.

सोसायटी रजिस्टर झाली २०२५ च्या मे-जून मध्ये. बिल्डरचा कल तिन्ही विंगची एकच करायची असा होता, काही टॉवरवाल्यांना सी विंग वेगळी पाहिजे होती, आमच्यातल्याही निम्म्यांना वेगळीच पाहिजे होती, आपलं आपण छोटं बरं म्हणून. शेवटी एकच झाली. पहिल्या सर्वसाधारण सभेच्या आधी मी उपविधींचं, म्हणजे सोसायटी चालवायच्या नियमांचं, पुस्तक आणलं, ते आदर्श उपविधी म्हणतात ते. मला त्यात फक्त बाग शोधायची होती. सभासद म्हणजे सभासद, सामायिक जागा सगळ्यांची, कुठल्या विंगचा आणि कितीला घेतलं याचा तिथे काही संबंधच नाही, हे सापडलं आणि मी पेन्सिलने खुणा करत सुटले. आणि मग पुढे शुल्काचं पान आलं.

तर झालं असं होतं की बिल्डर इतके दिवस मेंटेनन्स चौरस फुटावर घेत होता. आमची घरं तीनशेची, म्हणून आमचा हिशेब महिना अकराशेच्या आसपास, टॉवरमधल्या थ्री बीएचकेचा चार हजारांच्या पुढे. उपविधी काय म्हणतात, तर सेवा शुल्क म्हणजे वॉचमन, ऑफिस, सफाई, बाहेरचे दिवे हे सगळं प्रत्येक फ्लॅटला सारखं. घर तीनशे फुटांचं असो की बाराशे. पाणी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती फंड आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा तो) बांधकामाच्या खर्चावर वर्षाला पाऊण टक्का आणि पाव टक्का, लिफ्टचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट त्या इमारतीतल्यांनी सारखा वाटून घ्यायचा. (हे सोसायटीचं सांगतेय, अपार्टमेंट कायद्याखालच्या कॉन्डोमिनियमचा हिशेब वेगळा असतो, तिथे हिश्श्याप्रमाणे.) मी कागदावर बेरीज केली. सगळं सारखं वाटलं, क्लब आणि स्विमिंग पूल धरून, तर आमचं बिल अकराशेवरून तीन हजारांच्या घरात जात होतं.

रात्री रिक्षावाले दादा, त्यांची बायको, आम्ही दोघं, अजून तीन-चार जण जिन्यात बसलो. मी पान वाचून दाखवलं. कुणी काही बोलेना. मग दादा म्हणाले, ताई, ते बागेचं पान वाचा सभेत. हे पान वाचू नका.

खरं सांगू का, मी तेच करणार होते. महिना दोन हजार म्हणजे आमच्याकडे एका मुलीची क्लासची फी. सरकारने घराची किंमत आमच्या खिशाला बसेल अशी ठरवली, पण त्या घरात दर महिन्याला राहायला किती लागतं हे त्या धोरणात कुणी धरलेलंच नाही, ते शेजाऱ्यांवर सोडून दिलंय. आणि शेजारी म्हणजे कोण, तर ज्यांना आधीच वाटतंय की आम्ही फुकटात आलो. म्हणजे बाग मागायला गेलं की बिल समोर येणार. पण सभेत मी काय वाचायचं आणि काय नाही हे ठरवायची वेळच आली नाही. मी सामायिक जागेचं वाचून खाली बसले आणि ए विंगचे काका उठले, त्यांच्याकडेपण तेच पुस्तक, त्यांच्यापण पेन्सिलच्या खुणा. म्हणाले, ताईंचं बरोबर आहे, फाटकाचं कुलूप बेकायदेशीर आहे, ते काढलंच पाहिजे. आणि याच पुस्तकात पुढे असं लिहिलंय, आणि ते पान वाचलं.

दीड तास गोंधळ. टॉवरवाले खूश, आमचे लोक चिडलेले, एक जण म्हणाला, आम्हाला तुमची बागच नको. मला मधेच सुचलं आणि मी उभी राहिले, आवाज थरथरत होता पण म्हटलं की लिफ्टचंही त्याच पुस्तकात आहे, तुमच्या टॉवरच्या आठ लिफ्टचं बिल आमच्यात धरायचं नाही, आमच्या एकीचं आम्ही भरू. आणि स्विमिंग पूल-क्लब हा वापरणाऱ्यांनी भरायचा ठराव करा, आमच्याकडे कुणाला पोहायला वेळ नाही. काका त्यावर हसले आणि म्हणाले, मला पण पोहता येत नाही, माझंही नाव त्यातून काढा. मग टॉवरमधलेच बरेच हात वर झाले, कारण निम्म्या लोकांना तो पूल नकोच होता, फक्त कुणी बोलत नव्हतं. हा ठराव झाला. आमचं बिल आता एकोणीसशेच्या आसपास येतं. म्हणजे आठशे वाढलेच. आमच्या विंगमधली दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत, तुझ्या बागेपायी झालं म्हणतात, आणि त्यांना मी काय सांगू, एकाच्या घरात कमावणारा एकच आहे आणि आठशे रुपये म्हणजे आठशे रुपये.

कुलूप निघालं ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी. कुणी समारंभ वगैरे केला नाही, वॉचमनने एका सकाळी फाटक उघडं टाकलं. मुलं दोन दिवस नुसती फाटकातून ये-जा करत होती, बागेत खेळायचं सोडून. टॉवरची पोरं आणि आमची पोरं यांची टीम अजून वेगवेगळीच पडते क्रिकेटला, ए-बी विरुद्ध सी, पण बॅट एकच आहे, कारण बाकीच्यांची शाळेच्या बसमध्ये हरवली.

कमिटीत बायकांसाठी दोन जागा राखीव असतात. टॉवरमधून एकच बाई तयार झाल्या, बाकी सगळ्यांना ऑफिस, मीटिंगा. दुसऱ्या जागेवर काकांनीच माझं नाव सुचवलं आणि विरोधात कुणीच नाही म्हणून मी बिनविरोध. आता मजा अशी की थकबाकीची नोटीस काढायचं कामपण माझ्याकडे आलंय, आणि थकबाकीत पाच घरं आहेत, तीन आमच्या विंगची, दोन टॉवरची, त्यातला एक फ्लॅट नव्वद लाखवाला आहे आणि सात महिने काही भरलेलं नाही. पाचही पाकिटं मीच लिहिलीत, एकाच पेनाने.

या रविवारी मीटिंग आहे. पहिला विषय पाण्याची मोटर, दुसरा या नोटिसा, तिसरा बिल्डरकडून जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, जे अजून व्हायचंय. इतिवृत्त मलाच लिहायचंय, तेव्हा रविवारी सकाळी मला फोन करू नका, डोमिसाईलचं काय ते शनिवारीच विचारा.